जबानीचा कागद

24 एप्रिल 1604, दुपारची जेवणाची वेळ. रोममध्ये मॅडालेनाच्या चर्चजवळ ‘मोरो’ नावाची खानावळ होती. वाढप्याने तिघा गिऱ्हाइकांपुढे आठ आर्टिचोक आणून ठेवले, चार लोण्यातले, चार तेलातले. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, लोण्यातले कुठले आणि तेलातले कुठले? वाढपी म्हणाला, वास घ्या, कळेल. त्यासरशी मातीची थाळी त्याच्या गालावर, मिशीजवळ येऊन आदळली. मग गिऱ्हाइकाचा हात सोबत्याच्या तलवारीकडे गेला, तेव्हा वाढप्याने तिथून पळ काढला आणि कचेरी गाठून फिर्याद दिली.

ही झाली वाढप्याची हकिगत. त्याच वेळी तिथे असलेल्या एका नकलनविसाने दिलेली जबानी थोडी वेगळी आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाढप्याने आर्टिचोक उचलून स्वतःच्याच नाकाला लावला आणि गिऱ्हाईक भडकलं ते त्यामुळे. मला कोणी भिकारडा समजतोस काय, अशा अर्थाचं काहीतरी ते ओरडलं. आर्टिचोक कुणी हुंगला, एवढाच दोन जबान्यांमधला फरक. पण मारामारी का झाली हे उमगायला तो पुरेसा आहे. पैसे मोजून जेवायला बसलेल्या माणसाचं अन्न वाढप्याने त्याच्यादेखत हुंगायचं, म्हणजे चारचौघांत त्याची पत काढायची. आणि हे गिऱ्हाईक साधंसुधं नव्हतं. ते होते मिकेलांजेलो मेरीसी दा काराव्हाज्जो, त्या दिवसांत रोमभर गाजत असलेले चित्रकार.

चारशे वर्षांपूर्वीच्या खानावळीतली ही बाचाबाची आपल्यापर्यंत पोचली ती एका कागदामुळे. फिर्याद, चौकशी, साक्षीपुरावा यांची ही बाडं इटलीच्या गावोगावच्या दफ्तरखान्यांत रचलेली आहेत. पंधराव्या ते अठराव्या शतकांमधल्या इटलीतल्या हिंसेवर काम करणाऱ्या इतिहासकाराची उमेदीची वर्षं त्यांच्यावर मान वाकवण्यात जातात. हा कागद जन्मला कसा, कुणाच्या हातात गेला आणि त्याच्याकडून कुणी काय मागितलं, याचा माग काढला की त्या इतिहासकाराचं काम नेमकं काय असतं तेही कळतं. माझ्या मते हा कागद दुहेरी आहे. तो हिंसेचा साक्षीदार आहे आणि हिंसेचं हत्यारही आहे. त्याचं एकच अंग पाहिलं की वाचणाऱ्याची फसगत होते.

सुरुवात 1215 सालाची. तिसऱ्या इनोसंट पोपने रोममध्ये लॅटरन इथे भरवलेल्या चौथ्या धर्मपरिषदेने दोन गोष्टी ठरवल्या. तापलेलं लोखंड हातात धरायला लावून किंवा पाण्यात सोडून खरंखोटं ठरवण्याची रीत तेव्हा युरोपभर होती. आपल्याकडे तिला दिव्य म्हणत. पाद्र्यांनी या दिव्याला आशीर्वाद द्यायचा नाही, हा एक ठराव. दुसरा 38व्या क्रमांकाचा: न्यायाधीशाने खटल्याचं सगळं कामकाज नोटरीकडून किंवा दोन लायक माणसांकडून लिहवून घ्यावं. देवाचा कौल हटला आणि त्याच्या जागी माणसाचं सांगणं आलं. सांगणं हवेत विरतं, म्हणून ते कागदावर उतरवायचं ठरलं. हे नियम धर्मपीठांसाठी होते, पण इटलीतल्या नगरराज्यांनी ही पद्धत झपाट्याने आपलीशी केली. बोलोन्या तर कायद्याच्या शिक्षणाचं माहेरघर. तिथे रोलांदिनो पास्साजेरींसारख्या पंडिताने नोटरींसाठी दस्तऐवजांच्या नमुन्यांचा ग्रंथच रचला. तेराव्या शतकाच्या अखेरीस न्यायाधीश आल्बेर्तो गांदिनो यांनी गुन्ह्यांच्या चौकशीवर पुस्तक लिहिलं. त्यातलं तत्त्व पुढे पाचशे वर्षं टिकलं: फिर्यादी पुढे आला नाही तरी गावात बोभाटा झाला असेल, तर न्यायाधीश आपणहून चौकशी सुरू करू शकतो. कुणाच्या खाजगी वैरात सत्तेने पाऊल टाकलं ते या वाटेने.

सोळाव्या शतकातल्या रोममध्ये पोपच्या गव्हर्नराचं फौजदारी न्यायालय होतं. तिथला जबानीचा कागद हाती घेतला की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते त्याचं दुभाषी रूप. प्रश्न लॅटिनमध्ये, तोही बहुधा संक्षेपात, ठराविक साच्यातला. उत्तर मात्र इटालियनमध्ये, बोलणाऱ्याच्या तोंडून आलं तसं. धोबीण धोबिणीसारखी बोलते, सरदार सरदारासारखा. शिव्या असतील तर शिव्या. पुष्कळदा नोटरी बोलणाऱ्याचं अडखळणं, रडणं, गप्प राहणंही टिपून ठेवतो. त्याच्या जोडीला न्हाव्यांच्या आणि जर्राहांच्या वर्द्या येतात. जखमेवर पट्टी बांधली की त्याची खबर कचेरीत द्यायची, असा त्यांना दंडक होता. डोक्याला तलवारीचा वार, हाताला सुरीची चीर, नाव, गाव, मारणारा कोण म्हणून सांगितलं. अशा दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या नोंदी पानामागून पान चालतात. जखमी माणूस पुष्कळदा सांगतो, अंधार होता, ओळखलं नाही. ओळखलेलं असतं. पण त्याला दावा सरकारात न्यायचा नसतो, स्वतः फेडायचा असतो.

या कागदावर आणखी एक आवाज उमटलेला आहे. गुन्हा गंभीर असेल आणि अर्धामुर्धा पुरावा असेल तर यातना देण्याची मुभा कायद्याने दिली होती. हात पाठीमागे बांधून दोरीने वर उचलायचं, ही नेहमीची रीत. नोटरी तिथेच बसलेला असे आणि किंकाळ्याही लिहून घेई. देवाचा धावा, आई गं, सगळं. 1612 साली आर्तेमीझिया जेंतिलेस्की या तरुण चित्रकार मुलीवरच्या बलात्काराचा खटला या न्यायालयात चालला. आरोपी आगोस्तीनो तास्सी, तिच्या वडिलांचा सहकारी चित्रकार. खरं-खोटं करायला यातना दिल्या त्या फिर्यादी पक्षाच्या मुलीला. बोटांभोवती दोऱ्या आवळल्या. तीच बोटं जी तिला ब्रश धरायला लागत होती. ती आपल्या म्हणण्यापासून हलली नाही. तास्सीला शिक्षा झाली, पण त्याने ती भोगली नाही. आज जगभर आर्तेमीझियाबद्दल बोललं जातं त्याचा मोठा आधार हा खटल्याचा कागद आहे, आणि तो कागद तिच्या बोटांवरच्या दोऱ्यांसकट तयार झालेला आहे. हे विसरून तिचे शब्द उद्धृत करणाऱ्यांचा मला राग येतो.

कागद हत्यार कसा होतो हे पाहायचं तर 1630 च्या मिलानला जावं लागेल. शहरात प्लेग थैमान घालत होता. 21 जूनच्या पहाटे कातेरीना रोझा नावाच्या बाईने खिडकीतून एक माणूस पाहिला. पाऊस पडत होता, तो भिंतीच्या कडेकडेने चालला होता, हातातल्या कागदावर काही लिहीत होता आणि मध्येच भिंतीला हात पुसत होता. बाईने ठरवलं, हा भिंतींना प्लेगचं विष फासतोय. सकाळी गल्लीत बोंबाबोंब. माणूस होता गुल्येल्मो पियाझ्झा, आरोग्य खात्याचा नोकर. काम लिहिण्याचं, तेव्हा बोटांना शाई लागलेली असणारच. ती त्याने भिंतीला पुसली असेल, एवढा साधा विचार कुणी केला नाही. त्याला टांगलं. तो नाही म्हणत राहिला. पुन्हा टांगलं. मग त्याला सांगण्यात आलं, खरं सांग, तुला माफी मिळेल. माफीचा साक्षीदार झालेल्या पियाझ्झाने शेवटी जियानजाकोमो मोरा या न्हाव्याचं नाव घेतलं. मोरा प्लेगवर गुणकारी म्हणून मलम बनवून विकत असे, पियाझ्झाने त्याच्याकडे ते मागितलं होतं. एवढाच काय तो संबंध. मोराच्या घरात कपडे धुण्याचं क्षाराचं पाणी सापडलं. ते नेहमीसारखं दिसत नाही अशी साक्ष धोबिणींकडून घेतली. मोरालाही टांगलं. त्याने जे विचाराल ते कबूल केलं. नंतर नाकारलं, पुन्हा टांगण्याची धमकी मिळाल्यावर पुन्हा कबूल केलं. दोघांना हालहाल करून मारलं, मोराचं घर पाडलं आणि त्या मोकळ्या जागेवर त्याच्या नावाला कायमचा काळिमा म्हणून स्तंभ उभारला. तो 1778 पर्यंत उभा होता.

खटल्याचे कागद टिकले. मला ही गोष्ट विलक्षण वाटते: अन्यायाचा पुरावा अन्याय करणाऱ्यांनीच, नियम पाळून, तारीखवार लिहून ठेवला. शंभर-दीडशे वर्षांनी मिलानमधल्याच माणसांनी तो उघडला. चेझारे बेक्कारिया यांचं ‘गुन्हे आणि शिक्षा’ हे छोटं पुस्तक 1764 साली आलं आणि त्याने यातना व देहदंड यांवर घाव घातला. त्यांचे मित्र पिएत्रो व्हेर्री यांनी 1630 च्या खटल्याचे कागद वाचून यातनांविरुद्ध निबंध लिहिला. वडील मिलानच्या सेनेटचे अध्यक्ष, आणि शिक्षा देणारं न्यायपीठ तेच. तेव्हा निबंध व्हेर्रींच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो 1804 साली आला. पुढे आलेस्सांद्रो मान्झोनी या कादंबरीकाराने तेच कागद पुन्हा हाती घेतले. मान्झोनी हे बेक्कारियांचे नातू, मुलीचे चिरंजीव. 1840 मध्ये त्यांनी आपल्या कादंबरीच्या सुधारित आवृत्तीसोबत ‘कुप्रसिद्ध स्तंभाचा इतिहास’ छापायला घेतला. व्हेर्रींचं म्हणणं होतं, यातनांची पद्धत दोषी. मान्झोनी म्हणाले, एवढ्याने न्यायाधीश सुटत नाहीत. त्या काळच्या कायद्यातसुद्धा यातना कधी द्यायच्या याला मर्यादा होत्या. न्यायाधीशांनी त्या ओलांडल्या, कारण त्यांना गुन्हेगार हवाच होता. जबानीचा प्रत्येक टप्पा तारखेनुसार तपासून, कोणता प्रश्न कोणत्या उत्तराला जन्म देतो हे दाखवत मान्झोनींनी ते मांडलं. त्या पद्धतीने वाचायला व्यावसायिक इतिहासकारांना आणखी सव्वाशे वर्षं लागली.

मधल्या काळात हा कागद रम्य कथांच्या बाजारात गेला. बेआत्रिचे चेन्ची या तरुणीने भावंडांच्या आणि सावत्र आईच्या संगनमताने आपल्या जुलमी बापाला मारवलं आणि 1599 साली रोममध्ये तिचा शिरच्छेद झाला. इंग्रज कवी शेलींनी 1819 मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं, फ्रेंच लेखक स्टेंडाल यांनी 1837 मध्ये जुन्या हस्तलिखितांवरून कथा लिहिली. खंजीर, विष, सूड, सुंदर अभागी स्त्री. उत्तर युरोपच्या वाचकाला अशी इटली फार आवडली आणि इटली म्हणजे मुळातच रक्तपिपासू, अशी समजूत पक्की झाली. तिच्यात तथ्य किती हा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जिथे नोटरी दर कोपऱ्यावर बसलेला आहे तिथल्या समाजाचं रक्त कागदावर जास्त सांडलेलं दिसणारच.

दुसरीकडे, कागद नाहीसे होत होते. नेपोलियनने 1810 मध्ये व्हॅटिकनची दफ्तरं गाड्यांत भरून पॅरिसला नेली. त्याचा पाडाव झाल्यावर ती परत आणायची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा खर्च परवडेना, म्हणून रोमच्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचे पुष्कळसे खटले पॅरिसमध्येच फाडले, रद्दीत घातले. जोर्दानो ब्रुनो यांच्या खटल्याची मूळ बाडं त्यातच गेली असं मानतात. गव्हर्नराच्या न्यायालयाची दफ्तरं मात्र वाचली. 1870 मध्ये रोम इटलीच्या राज्यात आलं आणि पुढच्या वर्षी तिथे सरकारी दफ्तरखाना स्थापन झाला. जुन्या विद्यापीठाच्या वाड्यात, बोर्रोमिनी यांच्या सांतीव्हो चर्चच्या अंगणाला लागून, ती बाडं आजही आहेत. अंतोनीनो बेर्तोलोत्ती या दफ्तरदाराने 1877 मध्ये चेन्ची घराण्यावर कागदोपत्री पुस्तक काढलं आणि दंतकथेचे पापुद्रे सोलायला सुरुवात केली.

विसाव्या शतकात या कागदाला नवा वाचक मिळाला: इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग. त्यांचे वडील लेओने गिन्झबर्ग 1944 च्या फेब्रुवारीत रोमच्या रेजिना चेली तुरुंगात, जर्मनांनी केलेल्या छळाने गेले. कार्लो तेव्हा पाच वर्षांचेही नव्हते. चेटकीण ठरवलेल्यांच्या जबान्या वाचायला आपण का वळलो, यामागे आपलं ज्यू असणं होतं, हे त्यांना फार उशिरा जाणवलं आणि त्यांनी ते लिहिलंही. 1962 मध्ये उदिने शहरात खटल्यांची जुनी सूची चाळताना जग कुजण्यातून जन्मलं असं मानणाऱ्या एका माणसाची नोंद त्यांच्या नजरेला पडली. त्यांनी ती टिपून ठेवली. पुस्तक आलं 1976 साली: ‘चीज आणि किडे’, फ्रिउली प्रांतातल्या मेनोक्किओ नावाच्या गिरणीवाल्यावरचं, ज्याच्यावर 1584 आणि 1599 मध्ये खटले चालले आणि ज्याला अखेर जिवंत ठेवलं नाही. सूचीतल्या एका ओळीपासून पुस्तकापर्यंत चौदा वर्षं. गिन्झबर्गांनी स्वतःची अडचणही उघड मांडली: मन आरोपीच्या बाजूचं, पण प्रश्न विचारण्याची उत्सुकता मात्र चौकशी करणाऱ्या पाद्र्याच्या जातीची. दोघांनाही समोरच्या माणसाच्या डोक्यात काय आहे ते जाणून घ्यायचंय. फरक आहे तो दोरीचा.

1991 मध्ये ‘न्यायाधीश आणि इतिहासकार’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं ते जुन्या खटल्यावर नव्हे. 1972 मध्ये मिलानमध्ये पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला होता. सोळा वर्षांनंतर एका माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून गिन्झबर्गांचे मित्र आद्रियानो सोफ्री यांच्यावर खटला भरून त्यांना दोषी ठरवलं. गिन्झबर्गांनी जबान्या पुढ्यात घेतल्या आणि चेटकिणींच्या खटल्यांवर घासून तयार झालेली नजर त्यांच्यावर वापरली. पियाझ्झाच्या कागदाची वंशावळ इथवर येते. त्याच सुमारास, 1987 मध्ये, आपल्याकडे शाहीद अमीन यांनी चौरीचौरा खटल्यातल्या माफीच्या साक्षीदाराची जबानी अशीच आतून उकलून दाखवली होती.

पण हिंसा हाच ज्यांचा विषय, त्यांना एकेक माणूस पुरत नव्हता. एडवर्ड म्यूर या अमेरिकन इतिहासकाराने फ्रिउलीतल्या सरदारांची भाऊबंदकी घेतली. 27 फेब्रुवारी 1511, कार्निव्हलचा गुरुवार. उदिनेत आंतोनिओ साव्होर्न्यानच्या बाजूच्या लोकांनी विरुद्ध पक्षाचे सरदार कापले, त्यांचे वाडे लुटले, आणि मेलेल्यांचे भरजरी कपडे अंगात चढवून कार्निव्हलची सोंगं काढली. प्रेतं कुत्र्यांपुढे टाकली गेली. म्यूर यांनी विचारलं, कुत्रेच का? उत्तर त्यांना शिकारीत सापडलं. शत्रूला मारायचं ते सावजासारखं, म्हणजे तो माणसातून उठतो, त्याच्या मुलांना आयुष्यभर मान वर करता येत नाही. 1993 च्या त्यांच्या पुस्तकात ही रीत हळूहळू कशी मागे पडली आणि तिच्या जागी नियमबद्ध द्वंद्वयुद्ध कसं आलं, ते वाचायला मिळतं. त्याच वर्षी टोरांटोच्या एलिझाबेथ आणि थॉमस कोहेन या दांपत्याने रोमच्या खटल्यांचं पुस्तक काढलं. एलिझाबेथ यांनी एक फार बोलका गुन्हा उजेडात आणला: दुखावलेला पुरुष रात्री येतो, बाईच्या दारावर दगड मारतो, शेण-घाण फेकतो, शाई ओततो, खाली उभा राहून अर्वाच्य गाणी म्हणतो. दार म्हणजे घरच्या अब्रूचं तोंड, ते काळं करायचं. रक्ताचा थेंब सांडत नाही, पण गल्लीला सकाळी सगळं कळतं. खुनांच्या तक्त्यात ही हिंसा कुठेच बसत नाही.

आणि तक्ते तर हवेत. समाजशास्त्रज्ञ नोर्बर्ट एलियास यांनी 1939 मध्ये मांडलं होतं की मध्ययुगानंतर युरोपातला माणूस हळूहळू स्वतःला आवरायला शिकला. पुढे गुन्ह्यांचे आकडे जमवणाऱ्यांना या म्हणण्याला आधार दिसला, पण दक्षिण युरोपात ही घसरण खूप उशिरा आली असंही दिसलं. इतिहासकार कॉलिन रोझ यांनी 2019 मध्ये बोलोन्याच्या न्यायालयातले खुनाचे खटले मोजून दाखवलं की तिथे सतराव्या शतकात, 1630 च्या प्लेगनंतरच्या दशकांत, खून कमी होण्याऐवजी वाढले. राज्यकर्त्यांवरचा आणि शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला की हात सुरीकडे जातो. मोजणाऱ्यांच्या वाटेत खड्डे पुष्कळ. त्या काळात मांडीवरच्या साध्या जखमेने पू होऊन माणूस दोन आठवड्यांनी मरे. तो खून धरायचा की नाही? बाड हरवलं असेल त्या वर्षी शांतता होती असं समजायचं का? तरी मी मोजणाऱ्यांच्या बाजूचा आहे. एका रसाळ खटल्यावरून सगळ्या शहराचा स्वभाव सांगणं सोपं आहे, आणि स्टेंडाल यांनी तेच केलं होतं.

या सगळ्यात सर्वांत उशिरा लक्ष गेलं ते सलोख्याच्या कागदाकडे, आणि माझ्या लेखी तोच शोध सर्वांत मोलाचा. 29 जुलै 1605 च्या रात्री पियाझ्झा नाव्होना या चौकात काराव्हाज्जोंनी मारियानो पास्क्वालोने या नोटरीच्या डोक्यात मागून तलवार घातली. कारण लेना नावाची बाई. पास्क्वालोनेने भळभळत्या जखमेनिशी फिर्याद लिहवली. काराव्हाज्जो जेनोव्हाला पळाले. महिन्याच्या आत, 26 ऑगस्टला, ते परत आले आणि पास्क्वालोनेची रीतसर माफी मागून समेट केला; त्याचाही दस्त झाला. पूर्वी इतिहासकार अशा दस्तांकडे दुर्बळ न्यायव्यवस्थेची पळवाट म्हणून बघत. मारिओ स्ब्रिक्कोली या कायद्याच्या इतिहासकाराने हे उलटवलं. त्यांनी दाखवलं की वाटाघाटीचा न्याय आणि सरकारी शिक्षेचा न्याय शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदले. मारणाऱ्याने माफी मागायची, ज्याला मारलं त्याच्या घरच्यांनी ती द्यायची, पैशांचा व्यवहार ठरायचा, नोटरीने लिहायचं, दोघांनी मिठी मारायची किंवा चुंबन घ्यायचं. हा कागद असेल तर न्यायाधीश शिक्षा सौम्य करी किंवा माफही करी. फ्रिउलीतलं वैर मिटलं तेही शेवटी 1568 च्या सलोख्याने. म्हणजे हिंसा ही बेभान उसळी नव्हती. ती एका देण्याघेण्याच्या वहीतली नावेची बाजू होती आणि जमेची बाजू याच दफ्तरात, शेजारच्या बाडात, न वाचता पडून होती. काराव्हाज्जोंचं पुढचं नशीब मात्र वाईट. 28 मे 1606 ला त्यांच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी नावाचा माणूस मेला आणि ते रोम सोडून पळाले. माफीची वाट पाहत 1610 मध्ये पोर्तो एर्कोलेला वारले.

अशा कागदांवर जगणाऱ्या अभ्यासकाच्या कामाचा दिवस बाहेरून अगदी रुक्ष दिसतो. नोटरीची धावती लिपी, संक्षेपाच्या खुणा, शाईने पोखरलेली पानं. त्या काळची शाई लोखंडाच्या क्षाराची, ती कालांतराने कागदच खाते. 2011 मध्ये रोमच्या दफ्तरखान्यात काराव्हाज्जोंविषयीच्या कागदांचं प्रदर्शन भरलं त्याआधी ती पानं दुरुस्त करून घ्यावी लागली. आधी लॅटिन, मग नोटरीची लिपी, मग गावोगावची बोली. खटला कुठे सुरू होतो ते शोधण्यात दिवस जातात आणि तो मध्येच तुटतो, कारण निकालाचं बाड वेगळं असतं आणि ते असेलच असं नाही. माणसाने काय सांगितलं ते कळतं, त्याचं पुढे काय झालं ते पुष्कळदा कळतच नाही. आणि यातनांचं पान येतं तेव्हा ते अक्षर न अक्षर वाचावंच लागतं, कारण कबुली त्याच पानावर असते. डोळे मिटून घ्यायची सोय त्या धंद्यात नाही.

या जबानीच्या कागदाचा गोव्याशीही सरळ संबंध आहे. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन बसलं ते याच वंशावळीतलं: तोच नोटरी, तीच लेखी जबानी, तीच यातनांची मुभा. मधली थोडी वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. बंद झालं तेव्हा त्याच्या खटल्यांची बहुतेक बाडं जाळून टाकण्यात आली. हाती उरली ती जुआंव देल्गादो फिगेइरा याने केलेली 1623 पर्यंतच्या खटल्यांची यादी, गोवा आणि लिस्बन यांच्यामधला पत्रव्यवहार, ज्याचा काही भाग लिस्बनला आहे आणि काही रिओ दी जानेरोला, आणि शार्ल देलाँ या फ्रेंच डॉक्टरने सुटकेनंतर लिहिलेली हकिगत. अ. का. प्रियोळकरांनी 1961 मध्ये हाताशी होती तेवढी साधनं जमवून इंग्रजीत त्यावर पुस्तक केलं. फ्रिउलीच्या गिरणीवाल्याने न्यायपीठापुढे काय काय सांगितलं ते जगाला माहीत आहे; त्याच पिढीतल्या साष्टी-बार्देशच्या कुणब्याने काय सांगितलं हे त्याच्याच शब्दांत ऐकायची वाट बहुतांशी बंद झाली आहे. तरी उरलेल्या पत्रांत आणि यादीत काम पुष्कळ आहे, आणि पोर्तुगीज शिकलेले मराठी आणि कोंकणी अभ्यासक त्या मानाने फार थोडे आहेत. इतिहासाचे पदवीधर विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे: मोडी शिकाच, आणि जोडीला पोर्तुगीजही शिका.